फक्त कवळीसाठी

घाटकोपरचे सेवानिवृत्त कारकून भाऊराव ससाणे यांची कवळी चकली खाताना दुभंगली, ही बाब तशी खासगी होती. दुरुस्तीला टाकताना दवाखान्याने आधारची झेरॉक्स मागितली, तेव्हा ती निमसरकारी झाली. भाऊरावांनी झेरॉक्सवर ठळक, आडवं लिहिलं: 'फक्त कवळीसाठी'. बत्तीस वर्षं लोकांची कागदपत्रं हाताळल्यामुळे कागदांचं पुढे काय होतं, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

आठ दिवसांनी ते कवळी आणायला गेले. संध्याकाळी नातीचा, चेतनाचा, साखरपुडा होता. तिने बजावलं होतं, "आजोबा, फोटोत खळखळून हसायचं हं, नाहीतर बोलणार नाही मी."

काउंटरवरच्या प्रियंकाने कॅमेरा पुढे सरकवला. "काका, चेहरा दाखवा. आधारशी जुळला की लगेच देते."

चेहरा जुळला नाही. आधारवरच्या फोटोत दात होते.

"अगं, ते दात तुझ्या ड्रॉवरमध्ये आहेत! दे, घालून दाखवतो."

"घालायला आधी ताब्यात द्यावी लागेल ना काका. आणि ताब्यात द्यायला चेहरा लागतो."

"मग आधारवरचा फोटो बोळका करून आणू?"

"आणा ना. पण मग कवळी घातल्यावर तुम्ही तुम्ही राहणार नाही. बँकेत वाट लागेल."

"आणि नाहीच जुळला तर?"

"तीस दिवसांनी कवळी बेवारस धरतात," प्रियंका आदराने म्हणाली.

भाऊराव तणतणत बाहेर आले. एवढ्याशा कवळीपायी नातीचा साखरपुडा तोंड मिटून काढायचा, या विचाराने त्यांना रडू यायचं बाकी होतं. फुटपाथवर काशीराम खोबऱ्याचे काप विकत होता. पांढरेशुभ्र, बाकदार काप पाहून भाऊरावांचं डोकं चाललं. काशीरामने दोन काप कागदात गुंडाळले, कागदाकडे पाहिलं, मग भाऊरावांकडे.

"अरे, हे तुम्हीच ना काका?"

कागदावर भाऊरावांचा फोटो, जन्मतारीख, पत्ता, आणि आडवं लिहिलेलं: 'फक्त कवळीसाठी'.

"कुठून आणलास हा?"

"समोरच्या दवाखान्याची रद्दी. झकास कागद असतो."

दातांविना, यंत्राविना काशीरामने त्यांना दोन सेकंदांत ओळखलं होतं. पण काशीराम अधिकृत नव्हता.

पाच मिनिटांनी भाऊराव ओठाआड खोबऱ्याचा काप धरून कॅमेऱ्यापुढे हसले. हिरवा दिवा लागला. 'व्यक्ती खरी आहे,' यंत्राने जाहीर केलं. प्रियंकाने टाळ्या वाजवून कवळी दिली. भाऊरावांनी ती तिथेच बसवली आणि पुरावा चावून खाल्ला.

साखरपुड्यासाठी आणखी काप घ्यायला ते काशीरामकडे आले, तेव्हा स्वारी भलतीच खुशीत होती.

"काका, नंबर द्या ना. ताजा माल आला की मेसेज टाकतो."

भाऊरावांनी परत मिळालेल्या दातांनी एकेक आकडा स्पष्ट उच्चारत नंबर दिला. वर मुलाचाही दिला.

हसताय? हसा, हसा. परवा मोज्यांचा एक जोड घेताना काउंटरवरच्या पोरीने तोंड उघडायच्या आत तुम्ही दहाच्या दहा आकडे घडाघडा म्हणून दाखवले होतेत, ते मात्र विसरू नका.