ही अडचण अजून आहे का?

चालू फ्रीजरच्या तापमानाचा आकडा कधी स्वस्थ बसत नाही. कॉम्प्रेसर सुरू झाला की तो खाली जातो, थांबला की वर येतो. दशांश चिन्हानंतरचा अंक तर कंटाळलेल्या पोरासारखा सारखा चुळबुळत असतो. त्या सोमवारी मात्र शेजारच्या खोलीतल्या फ्रीजरचा आकडा माझ्या संगणकाच्या पडद्यावर सकाळपासून उणे एकोणऐंशी पूर्णांक सहा होता. दुपारीही तोच. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई, त्यामुळे हे माझ्या लक्षात आलं. लक्षात आलं आणि मी मनात म्हटलं, काय सुरेख चाललाय माझा प्रोग्रॅम!

या प्रोग्रॅमची आधी ओळख करून देते. फ्रीजरमध्ये एक तार सोडायची आणि तिचं दुसरं टोक बाहेरच्या एका डबीत खोचायचं. तार तापमान मोजते, आणि आत ऊब वाढली की प्रोग्रॅम मोबाइलवर बोंब ठोकतो. मी आणि परदेशातला एक मित्र, आम्ही दोघांनी तो हौसेनं लिहिला आणि सगळ्यांना खुला केला. फुकट वापरा, बिघडला तर कळवा, जमलं तर तुम्हीच दुरुस्त करा. यातलं वापरणं आणि कळवणं लोकांनी फार मनावर घेतलं. प्रयोगशाळा, दूध डेअऱ्या, फुलांची गोदामं, एक आइस्क्रीमवाला, सगळे कळवू लागले. मग मित्राला जुळी झाली आणि तो पृथ्वीवरून नाहीसा झाला. उरले मी.

तक्रारी जळमटांसारख्या वाढत होत्या. एक कोपरा झाडावा तर तेवढ्यात दुसरे दोन भरलेले. एका गृहस्थाला हिरव्याऐवजी जांभळं बटण हवं होतं. इतर लोक जसे सकाळी दात घासतात, तसा तो रोज सकाळी विचारायचा, "काही प्रगती?"

"सरळ लिहून टाक ना, की हा प्रोग्रॅम आता कुणी सांभाळत नाही," नवरा जेवताना म्हणायचा. तो दातांचा डॉक्टर आहे. "लोक दुसरं काहीतरी शोधतील."

"बघू."

"माझे पेशंटही बघूच म्हणतात. मग एक दिवस गाल धरून येतात."

मी बघितलं नाही. त्याऐवजी एक योजना आखली, आणि ती निर्दोष होती असं मी आजही छातीठोक सांगितलं असतं. मी एक छोटा यांत्रिक मदतनीस बसवला. त्याचं नाव शिपाई. जी तक्रार बरेच दिवस गप्प असेल तिच्याखाली शिपायाने नम्रपणे लिहायचं, "ही अडचण अजून आहे का? उत्तर न आल्यास तक्रार बंद करण्यात येईल." उत्तर आलं तर आभार मानायचे आणि तक्रार चालू ठेवायची. नाही आलं तर बंद. ज्याला खरंच दुखतंय तो ओरडेल, बाकीचे आपोआप गळतील, असा माझा शास्त्रीय अंदाज होता.

शिपाई कामाला लागला. एका डेअरीचा मॅनेजर रजेवर होता, आणि त्याच्या मेलने परस्पर उत्तर दिलं, "मी सध्या रजेवर आहे." शिपायाने आभार मानले. मेलने कळवलं की तो रजेवर आहे. शिपायाने पुन्हा आभार मानले. दोन यंत्रांचं हे सौजन्य आठवडाभर चाललं. इतकं गोड तर आमच्या घरातही कुणी बोलत नाही. परिणाम असा झाला, की जे लोक रजेवर होते त्यांच्या तक्रारी टुणटुणीत राहिल्या आणि जे बिचारे कामात बुडाले होते त्यांच्या बंद झाल्या. जांभळं बटण अर्थातच अमर होतं.

"यादी निम्मी झाली," मी नवऱ्याला ऐटीत सांगितलं.

"दुखणं निम्मं झालं, की तोंड बंद केलंस?"

डॉक्टर लोकांना काही शास्त्र कळत नाही, असं म्हणून मी वाढून घेतलं.

आता शेजारच्या खोलीबद्दल. तिथे आमच्या संस्थेतल्या, बेडकांवर संशोधन करणाऱ्या बेडूकताई बसतात. सगळे त्यांना हेच म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडतं. त्यांच्या फ्रीजरमध्ये एका तळ्यातल्या बेडकांचे नमुने होते. ते तळं बुजवून आता तिथे गाड्या उभ्या करतात, त्यामुळे नवे नमुने मिळायचा प्रश्नच नव्हता. निवृत्त होण्याआधी त्यांना एवढं एकच काम पुरं करायचं होतं. फ्रीजरचा स्वतःचा भोंगा केव्हाच मुका झाला होता. शेजारधर्म म्हणून त्या माझ्या प्रोग्रॅमवर विसंबल्या.

त्यांनीच मला चहाच्या वेळी सांगितलं होतं, की तार डबीतून निसटली तर पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो आणि बोंब होत नाही.

"ताई, असं तोंडी नको. तिथे लिहा."

त्यांनी लिहिलं. पुढे शिपायाने त्यांनाही विचारलं, आणि त्या कप घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.

"अगं, तुझा शिपाई विचारतोय, अडचण अजून आहे का. आहे."

"मला नका सांगू. तिथे लिहा."

"तू समोर बसली आहेस ना माझ्या?"

"नियम सगळ्यांना सारखा, ताई."

 त्या कप उचलून गेल्या. शिपायाने वाट पाहिली आणि तक्रार बंद केली.

त्यानंतरच्या शनिवारी रंगारी आले. त्यांनी भिंत रंगवायला फ्रीजर पुढे ओढला, आणि त्या ओढाताणीत फ्रीजरचा प्लग भिंतीतून आणि माझी तार डबीतून निघाली. काम झाल्यावर त्यांनी तो अगदी नीट जागेवर ढकलला. भिंत सुंदर झाली होती.

मंगळवारी सकाळी वासाने कळलं. मी धावत गेले तेव्हा फ्रीजरचं दार उघडं होतं आणि बेडूकताई खाली बसून फडक्याने पाणी टिपत होत्या. बाजूच्या ट्रेमध्ये त्यांच्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठ्या लावलेल्या नळ्या होत्या. आत जे होतं त्याला आता नमुने म्हणता आलं नसतं.

"काहीच वाचलं नाही?" मी विचारलं.

"वास वाचलाय."

मी दुसरं फडकं घेतलं. आम्ही दोघी पुसत राहिलो. माझ्या खोलीतला पडदा इथून दिसत होता. उणे एकोणऐंशी पूर्णांक सहा.

"तळं तर गेलंच होतं," त्या म्हणाल्या. "आता त्याची आठवणही गेली. मला निदान शेवटचा शोधनिबंध लिहायचा होता गं."

 तेवढ्यात मोबाइल वाजला. मी सवयीने पाहिला. "काही प्रगती?"

"कोण आहे?" बेडूकताईंनी विचारलं.

"जांभळं बटण."

त्यांनी मान वर केली. त्या हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत.

"अजून किती जणांचे फ्रीजर आहेत गं तुझ्यावर?"

"बघू..." मी म्हणाले आणि थांबले. फडकं बादलीत पिळलं. मग आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मोठ्याने बोलले. "हा प्रोग्रॅम आता कुणीही सांभाळत नाही. यावर कुणी विसंबू नका."

बेडूकताईंनी माझ्या हातातून फडकं काढून घेतलं.

"मला नको सांगू," त्या म्हणाल्या. "तिथे लिही."