बिराजदार सर आणि डब्यावरचा प्रभार

बिराजदार सरांसमोर जेवणाचा डबा उघडायची सोय नाही. लातूरच्या आमच्या क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवतो, ते फिजिक्स. मी झाकण काढलं, की त्यांचा सवाल ठरलेला. "समजा, ह्या स्टीलच्या डब्याच्या आत अधिक तीन विद्युत प्रभार टांगला. कुठं टेकू दिला न्हाई, झाकण बंद. आतल्या अंगाला किती?"

"उणे तीन," मी भुकेल्या पोटी म्हणतो.

"आन् भायेरून?"

"अधिक तीन."

"चुकलात! डब्यावर आधीचाच अधिक दोन होता. भायेर पाच! आधीचं विचारायचं असतंय, मास्तर!" एवढं म्हणून माझ्याच डब्यातली भेंडी उचलतात.

माणूस मूळचा चाकूरचा. तिकडच्या लग्नात पंगतीत हे दिसले, की वाढपी सवालाच्या भीतीनं वरणाची बादली घेऊन दुसऱ्या रांगेला पळतो म्हणे.

घरचा विषय मात्र काढायचा नाही. मुलीनं, स्मितानं, इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून नांदेडला शिवणकामाचं दुकान टाकलं. तेव्हापासून चार वर्षं बापलेकीचं बोलणं बंद. मला याचं फार वाईट वाटायचं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

परवा चाचणीत बिलोलीच्या एका मुलीनं नेमकं हेच उदाहरण चुकवलं. सर कडाडले ते मला शेजारच्या वर्गात ऐकू आलं. "आधीचा प्रभार बघितलास का?"

मुलगी रडत म्हणाली, "सर, तीन दिवस झाले ताप हाय मला. तुम्ही तरी कुठं विचारलं?"

मी दाराशी जाऊन पाहिलं. सरांनी खडू ठेवला आणि तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं.

दुपारी परत आले ते माझ्या उघड्या डब्याकडं न बघताच समोर बसले. मला धास्तीच वाटली.

"स्मितानं कॉलेज सोडलं तवा तिला काय झालतं, मला ठावंच न्हाई," ते म्हणाले. "मी निस्ता वरडलो."

मग त्यांनी फोन लावला. कानानं कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. मी उठायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"पप्पा?" आवाज घाबरलेला होता. "आईला काय झालं?"

"आई बरी हाय." सरांनी फोन तोंडाजवळ घेतला. "तू... तू कशी हायस, बाळा?"

पलीकडं चालू असलेलं शिलाई मशीन थांबलं.

"फोन ठेवू नका पप्पा," स्मिता म्हणाली. "दुकानाचं शटर खाली घेते."