मानाची भूमिका

वीस वर्षांत पहिल्यांदाच भिकारी सोडून दुसरं काहीतरी करायला मिळतंय हे ऐकून लंगड्या नटाने दिग्दर्शकाला दोनदा विचारलं, "फोन नक्की मलाच केलाय ना?"

फोन त्यालाच होता. ऑफिसावरचा विनोदी चित्रपट, आणि त्यात तो चक्क साहेब! मीटिंगमध्ये घोरणारा, दुसऱ्याचा चहा पिणारा, उगाच खेकसणारा. आजवर त्याचा आखूड पाय बघून लोक हळहळले होते, हसलं कुणीच नव्हतं. एकदा तरी थिएटरने आपल्यावर पोट धरून हसावं, एवढंच त्याला हवं होतं. घरी त्याने तीन तऱ्हांचं घोरणं बसवलं.

"अहो, पुरे! मरेन मी हसून," बायको म्हणाली.

तालमीला सल्लागार बाई आल्या. सगळ्या प्रकारची माणसं चित्रपटात मानाने दिसतात की नाही हे बघायला निर्मात्याने त्यांना नेमलं होतं. बाई मनाने फार चांगल्या होत्या. तिथेच घात झाला.

"अपंग माणूस आळशी दाखवायचा? शोभतं का हे?"

घोरणं गेलं. पाठोपाठ फुकटचा चहाही गेला.

"बाई, निदान खेकसू तरी द्या," नट काकुळतीला आला. "पाय आखूड असला म्हणून माणूस पाजी असू नये का?"

"तुमच्यावर किती अन्याय होतोय, तुम्हालाच कळत नाही हो," बाईंचे डोळे भरून आले. खेकसणंही गेलं.

आता साहेब कर्तबगार, प्रेमळ आणि निर्व्यसनी झाला. असल्या माणसावर हसणार कोण? दिग्दर्शकाने कपाळाला हात लावून त्याला टेबलामागे गप्प बसवलं.

"पण आता पाय दिसत नाही," बाई म्हणाल्या. "मग प्रतिनिधित्व कसलं?"

त्याला उभं केलं, तर कॅमेरा मुद्दाम व्यंगावर रोखल्यासारखा वाटला. शेवटी खुर्चीला टेकवायला एक कुबडी आणली. नटाने जन्मात कुबडी वापरली नव्हती.

"माझ्या मापाची नाही ही."

"तुम्हाला कुठे चालायचंय?" दिग्दर्शक म्हणाला.

चित्रीकरणाच्या तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातून बघताना दिग्दर्शकाच्या ध्यानात आलं की कुबडी दिसली की साहेब आलेच, मग नट हवा कशाला? "उद्यापासून नाही आलात तरी चालेल," तो नटाला म्हणाला. "नाव मात्र सगळ्यात वर घालतो."

हे बायकोला सांगायचा धीर नटाला शेवटपर्यंत झाला नाही.

ती नवी साडी नेसून थिएटरात त्याच्या शेजारी बसली. पडद्यावर रिकामी खुर्ची, शेजारी कुबडी. शिपाई आला, कुबडीला वाकून म्हणाला, "साहेब, सही?" उत्तराची वाट पाहिली. "बरं, विचार करून सांगा," म्हणत तो पाठ न दाखवता मागे मागे निघून गेला.

थिएटर कोसळलं. सगळ्यांत मोठ्याने बायको हसली. हसता हसता तिने डोळे पुसले, शेजारी पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अहो... तुम्ही कधी येणार?"

"हस गं," तो म्हणाला. "माझीच भूमिका आहे ती."

ती मग हसली नाही. बाकीचे बराच वेळ हसत होते.