खारवाडीची सार्वजनिक प्रोस्टेट तपासणी

पुरुषाच्या देहात प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते, हे विज्ञानाने मान्य केले आहे. खारवाडीने अद्याप केलेले नाही. श्रीवर्धनच्या अलीकडे खाडीला लागून असलेल्या आमच्या या भातशेतीच्या गावात साठी उलटलेले पुरुष पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी शंभर टक्के निरोगी आहेत (स्रोत: ते स्वतः). रात्री ते वरचेवर उठतात, ते शेतात रानडुकरे शिरली का हे पाहायला. कुंपणाशी बराच वेळ उभे राहतात, तेही पाहण्यासाठीच. उन्हाळ्यात शेतात काहीच नसते, तरी पाहणीत खंड पडत नाही. एवढी दक्षता इतर जिल्ह्यांत आढळत नाही.

या परंपरेला गावातल्याच साठी उलटलेल्या रावजीने गालबोट लावले. त्याची लघवी पार अडली. पनवेलला नोकरीला असलेला त्याचा मुलगा सुजित त्याला गाडीत घालून माणगावला घेऊन गेला. तिथे रक्त तपासले, मग सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढले. ते पाहून डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. म्हणून मेणात बसवलेले ते तुकडे मार्कर चाचणीसाठी मुंबईला गेले. रावजी स्वतः कधी मुंबईला गेला नव्हता, याचे त्याला थोडे वाईट वाटले.

ही चाचणी काय असते, ते सुजितने देवळात सर्वांना समजावले. निरोगी ग्रंथीच्या कडेने पेशींचा एक बांध असतो. चाचणीत त्या बांधाला रंग चढतो. बांध दिसला तर बरे. बांध नाहीसा आणि दुसराच रंग आतल्या पेशींवर चढलेला, तर कॅन्सर. बांध ही वस्तू खारवाडीला उत्तम कळते. अर्ध्या गावाचे उरलेल्या गावाशी बांधावरूनच वाकडे आहे. बांध कोणी कोरला, अशी चौकशी तत्काळ सुरू झाली.

तेवढ्यात माजी सरपंच सदा उभा राहिला. "भात शिजला का ते बगाया अख्खा टोप चिवडता काय? येक शीत दाबला का कळला."

या सिद्धांतापुढे वैद्यकशास्त्र थिटे आहे. गाव एक, विहीर एक, खाडीची मासळी तीच. मग प्रत्येकाला सुई कशाला? सबब रावजीला गावाचे अधिकृत शीत नेमण्याचा ठराव झाला. (बायकांना बोलावले नव्हते. विषय पुरुषांचा होता, आणि तो बायकांना आधीच माहीत होता.)

ठरावाला अनुमोदन रावजीच्या जिवलग मित्राने, धर्माने दिले. धर्माच्या लघवीतून काही महिन्यांपासून रक्त जात होते. हे त्याच्या बायकोला, गोदूला ठाऊक होते, कारण कपडे तीच धुवायची. "कोकमाचा सार जास्त झाला," असे धर्मा सांगे. (सारही तीच करते. केले नव्हते.)

रावजीचा रिपोर्ट आला. बांध शाबूत, कॅन्सर नाही. गावाने मटण शिजवले, बेंजो मागवला, रावजीला शाल-नारळ दिला. साठीवरील सर्व पुरुष एकगठ्ठा निरोगी जाहीर झाले आणि रिपोर्टची प्रत घरोघर देव्हाऱ्यात गेली. सर्वांत जास्त नाचला तो धर्मा. मधूनच पाहणीला जाई, परत येऊन नाचे.

गोदू थेट बेंजोवाल्यापुढे जाऊन उभी राहिली. वाजवणे थांबले.

"रावजीभावजी, तुमचा शीत शिजला, बरा झाला. पन माजा टोप येगळ्या चुलीवर हाय," ती म्हणाली आणि रक्ताची गोष्ट तिने सर्वांदेखत सांगून टाकली.

"आगो, चार मानसांत काय बोलतंस," धर्मा पुटपुटला.

"हीच चार मानसा तुमाला खांद्यावं नेतील. त्यापरीस सकाळच्या यष्टीत बसा."

धर्मा बसला. त्याचेही तुकडे मुंबईला गेले. बांध कुठेच दिसला नाही आणि दुसरा रंग चांगलाच चढला. डॉक्टर म्हणाले, अजून बाहेर पसरलेला नाही, उपचार होतील. ते चालू आहेत. गोदू हल्ली कोणाशी फार बोलत नाही. दवाखान्याची पिशवी भरून ठेवते. गावाने मात्र तातडीची सभा घेऊन खुलासा केला, की चांगला रिपोर्ट सार्वजनिक असतो, वाईट रिपोर्ट ज्याचा त्याचा.

तपासणीला आता खारवाडीत अजिबात विरोध उरलेला नाही. ती अत्यंत गरजेची आहे, यावर एकमत आहे. सदाच्या मते त्याचा शेजारी मोरू याने ताबडतोब जायला हवे. मोरूला सदाचीच काळजी वाटते.

हे वाचताना तुमच्याही डोळ्यांपुढे एखादे गृहस्थ आले असतील, आणि त्यांना हे वाचायला द्यावे, असे तुम्ही मनाशी ठरवलेही असेल. जरूर द्या. त्यांनी हे आधीच वाचले आहे, आणि वाचताना त्यांच्या डोळ्यांपुढे तुम्ही होतात.