पुसलेल्या शेपट्या

पिंजऱ्याचं झाकण उघडलं आणि काढेताईंनी एकेक उंदीर उचलून उलटसुलट पाहिला. एकाही उंदराच्या शेपटीवर रंग नव्हता!

प्रयोग तसा साधा. सगळ्या उंदरांना यकृत बिघडवणारं एक रसायन द्यायचं. त्यातल्या निम्म्यांना रोज एका रानवेलीचा कडूजहर काढा पाजायचा, उरलेल्यांना नुसतं पाणी. काढा यकृत वाचवतो का, एवढंच बघायचं. काढेवाल्यांच्या शेपटीवर लाल पट्टा, पाणीवाल्यांच्या निळा. आज रक्त घ्यायचं, तर लाल कोण आणि निळा कोण? या वेलीपायी प्रयोगशाळेत त्यांचं नावच ‘काढेताई’ पडलं होतं. आता वर्षभराची मेहनत पाण्यात गेली, तर पदरात तेवढं नावच उरणार होतं.

प्रयोगशाळेतले मार्कर वाळले, म्हणून काल पट्टे पुन्हा रंगवायला त्यांनी भाचीचे उचलून आणले होते. त्यांनी घाईघाईनं बहिणीला फोन लावला.

“अगं, ते मार्कर पुसले जातात का गं?”

“मग! पोरगी भिंती रंगवते, म्हणून मुद्दाम तसलेच आणलेत. का गं?”

“उंदरांनी चाटून साफ केलेत.”

“शी! परत नको आणूस हं ते!”

तेवढ्यात ताईंचे मार्गदर्शक सर आले. ताईंचा हा विषय त्यांना पहिल्यापासूनच नापसंत. ऐकून म्हणाले, “त्यात काय एवढं! रक्त तपासा. ज्यांचं यकृत ठणठणीत, ते काढेवाले. संपलं!”

“सर, ठणठणीत तेवढेच काढेवाले धरले, तर नळाचं पाणीसुद्धा औषध ठरेल!”

“मग सोडा विषय. पाला उकळून कुणी शास्त्रज्ञ होत नाही.”

हे मात्र ताईंना झोंबलं. रागाच्या भरात, काढा मोरीत ओतायचा म्हणून त्यांनी बाटलीचं बूच उपटलं. वास सुटला मात्र, पिंजऱ्यात पळापळ! निम्मे उंदीर पाठ फिरवून कोपऱ्यात; बाकीचे मिशा हलवत पुढे, काय बाई नवीन आलंय म्हणून!

ताई थबकल्या. दुधानं तोंड पोळलेलाच ताक फुंकून पितो. ज्यांनी हा काढा चाखलाय, तेच पळणार!

त्यांनी एकेकाला वेगळं काढलं आणि नाकाशी काढा धरला, पुन्हा पुन्हा धरला. कुणीही मत बदललं नाही. मग कोण कुठल्या गटातला हे न सांगता रक्त तपासायला पाठवलं, आणि अहवाल येईपर्यंत नखं कुरतडली.

अहवाल आला. हुंगायला धावलेल्यांच्या यकृताचा पार बोऱ्या वाजला होता. पाठ फिरवणाऱ्यांचं जवळजवळ शाबूत! ताईंनी टेबलावर अशी थाप मारली की उंदीरही दचकले. मग पुसलेल्या रंगासकट सगळं खरं खरं लिहून काढलं.

सरांनी ते दोनदा वाचलं. “विषय बरा निवडला आपण,” ते म्हणाले. “पण कडू कडू म्हणजे असून असून किती असणार? आणा इकडे.” आणि बोट बुडवून त्यांनी तोंडात घातलं.

तेव्हापासून ताई बाटली घेऊन आल्या, की सर तोंड फिरवून कोपऱ्यातल्या खिडकीशी जाऊन उभे राहतात. ताई फक्त खिशातून नवा, पक्का, लाल मार्कर काढतात आणि त्याचं टोपण उघडतात.