ईश्वरअप्पांचा चौथा डोंगर

"आराम म्हाताऱ्यांनी करावा," असं म्हणून ईश्वरअप्पा तक्क्याला आणखी थोडे रेलले.

सेलूच्या बाजारात अप्पांचं कापडाचं दुकान. दुकानात पांढरीशुभ्र गादी, गादीवर तक्क्या आणि तक्क्यावर अप्पा. वडील गेले त्या सालापासून ही जागा त्यांनी जेवणाखाणापुरतीच सोडलेली. आताशा दुपारी जेवून आले की तिथंच त्यांचा डोळा लागे. नुसता लागला असता तरी चाललं असतं, पण अप्पा घोरत. लुगडं बघायला आलेल्या बाया आधी तोंडाला पदर लावून हसत आणि मग लुगडं न घेताच शेजारच्या दुकानात जात. म्हणून मुलगा वीरुपाक्ष तेवढंच म्हणाला होता, "अप्पा, तुमी घरी जरा आराम करा. गादीवर मी बसतो."

झालं. अप्पांना ते झोंबलं.

त्यात नेमके माणिकराव ड्रिलमास्तर पायजम्याचं कापड फाडून घेत होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तरांना हुकूम सोडायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी गावात पहाट मंडळ काढलं होतं. दिवाळी झाली की रविवारी गावातल्या सुखवस्तू माणसांना एसटीत घालायचं, जिंतूरकडच्या डोंगरांवर न्यायचं आणि वर चढवायचं. दुपारचे बारा वाजायच्या आत जो माथ्यावर पोचेल, त्याच्या छातीवर मास्तर लाल फीत टाचत. हिवाळ्यात चार डोंगर. चारी केले की पितळी बिल्ला.

"मास्तर, माझं नाव घाला," अप्पा म्हणाले. "आन वीरुपाक्षा, तू बी ऐक. चारी डोंगर चढलो तर माझ्या जितेपणी गादीचं नाव काढायचं न्हाई. एक जरी राहिला तर मी आपल्या पायानं उठतो."

"अप्पा, जिद कशाला करायलाव?"

"घाला नाव," अप्पा मास्तरांना म्हणाले.

पुढचे रविवार कसे गेले ते अप्पांच्या पायांना विचारावं. पहिल्या डोंगरानं त्यांच्या पोटऱ्या धरल्या, दुसऱ्यानं कंबर, आणि तिसरा उतरताना तर ते बसल्या बसल्या घसरत खाली आले. त्या पायी एक चांगलं धोतर कामातून गेलं. सोमवारी ते गादीवर बसत आणि उठताना दोघांनी हात द्यावा लागे. झोप येई, पण आता घोरायचीही चोरी. बायको सिद्धम्मा रोज रात्री त्यांच्या पायाला तेल चोळायच्या आणि चोळता चोळता बोलायच्या. तेलापेक्षा बोलणं जास्त मुरे. तरी फिती तीन झाल्या होत्या, एवढं खरं.

चौथा डोंगर आठवडाभर पुढं गेला. त्या रविवारी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटीच निघाली नाही. अप्पांना तेवढीच विश्रांती मिळाली. त्या एका आठवड्यानंच पुढं घात केला, पण हे त्यांना तेव्हा कुठलं कळायला.

चौथा डोंगर होता खडकदरीचा. वर महादेवाचं ठाणं. महादेवाच्या डोंगरावर गबाळ्यासारखं जायचं नाही म्हणून सिद्धम्मांनी नवऱ्याला घडीचं धोतर दिलं, लग्नकार्याचा काळा कोट दिला, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढले. पायात तेवढे मास्तरांच्या आग्रहाचे कॅनव्हासचे बूट. ते दोन्ही टाचांना चावत होते.

"खडकदरीत वेशीपाशी पहिल्याच घरी चहा सांगितलाय," एसटीतून उतरताना मास्तरांनी बजावलं. "चहा घ्यायचा की उठायचं. बारा वाजले की मी फिती खिशात घालतो, मग कोणी का असेना."

मंडळी झपाझपा पुढं गेली. अप्पा मागं पडले. मग त्यांनी दुकानदारी डोकं चालवलं आणि जवळची वाट म्हणून ज्वारीच्या बांधानं घुसले. त्यामुळं ते गावात शिरले ते वेशीतून नाही, मागच्या अंगानं. समोर जे पहिलं घर दिसलं, त्याच्या ओट्यावर ते बसले आणि बूट काढू लागले. एवढ्यात आतून पांढरे कपडे घातलेले, अप्पांसारखेच विभूती लावलेले एक गृहस्थ लगबगीनं बाहेर आले.

"शरणार्थ, शरणार्थ! या, आत या. कुठून येणं झालं?"

"सेलूहून. बाजारात कापडाचं दुकान हाय माझं."

गृहस्थांचा चेहरा उजळला. "आन इकडं कसं काय?"

"सहज," अप्पा म्हणाले. "चालत चालत आलो."

आता इथंच सगळं बिघडलं. कारण आपल्याकडं मुलगी बघायला आलेला माणूस 'मुलगी बघायला आलो' असं कधी म्हणतो का? तो म्हणतो, सहज आलो होतो, इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं. पसंत नाही पडली तर कुणाच्या तोंडाला काळिमा नको, म्हणून ही रीत. मध्यस्थही नाव सांगत नाही. बसलिंगअप्पांना, म्हणजे या गृहस्थांना, मध्यस्थानं एवढाच निरोप दिला होता की नेमक्या या रविवारी सेलूकडचं कुणीतरी येऊन जाईल. ते सकाळपासून स्वच्छ धोतर नेसून वाट बघत होते. आणि अप्पांनी खरं ते सांगितलं, तर ते नेमकं या रीतीत बसलं.

पाय धुवायला ऊन पाणी आलं. बसायला घोंगडी आली, पाठीशी लोड आला. अप्पा लोडाला टेकले आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या कमरेला बरं वाटलं. मास्तर तोंडानं खडूस, पण सोय चांगली करतो, असं त्यांच्या मनात आलं. बाकीची मंडळी चहा घेऊन पुढं गेली असणार, असाही त्यांनी हिशेब केला. मग पोहे आले. पोह्यांवर शिरा आला.

"लय तकलीफ घेतलीव तुमी," अप्पा म्हणाले.

"तकलीफ कशाची? तुमच्यासारखी माणसं दारात आली, आमचं भाग्य हाय. घरी कोण कोण असतंय?"

"मी, मंडळी आन एक मुलगा."

"एकुलता एक," बसलिंगअप्पा दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाले. दाराआडून बांगड्या वाजल्या. "लग्न?"

"न्हाई अजून. बघायलाव."

एवढ्यात एक मुलगी डोक्यावरून पदर घेऊन चहाचं तबक घेऊन आली, तबक ठेवून पाटावर बसली आणि खाली बघू लागली. चहा देऊन ही बसली कशाला, ते अप्पांना कळेना.

"ही आमची शिवकांता. विचारा काही," बसलिंगअप्पा म्हणाले.

अप्पांच्या डोक्यात एकच प्रश्न होता, तो त्यांनी विचारला. "बाई, इथून वर डोंगरावर जायला किती वेळ लागंल?"

मुलीनं मान वर केली. अप्पांच्या सुजलेल्या टाचांकडं बघितलं. "कुणाला, मला का तुमाला?"

दाराआडून "अगं शिवकांता!" असा दबका आवाज आला. अप्पांना मात्र मुलगी आवडली. गल्ल्यावर असलं माणूस पाहिजे, असं त्यांना वाटलं. मग दाराआडची बाई, मुलीची आई चन्नबसम्मा, बाहेर आली आणि म्हणाली, "सैपाकाला हुशार हाय, शिवणकाम येतंय. तोंडानं जरा फटकळ हाय, पन मनात काही न्हाई. मुलाला कधी आणताव बघायला?"

अप्पांनी हातातला शिऱ्याचा घास परत बशीत ठेवला.

आपण कुठं येऊन बसलो, ते त्यांना एका दमात कळलं. लगेच उठावं आणि सांगावं, माफ करा, मी डोंगर चढायला आलोय, असं त्यांना फार वाटलं. पण समोर ती पोरगी बसलेली. बघायला आलेला माणूस शिरा खाऊन 'चुकून आलो' म्हणाला, तर गाव त्याचा अर्थ काय लावील? आणि वय झालेला माणूस डोंगर चढायला म्हणून घर सोडतो, यावर इथं विश्वास कोण ठेवणार होतं? शिवाय मुलगा लग्नाचा होता, मुलगी चांगली होती, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लोड मऊ होता. अप्पा बसून राहिले.

"मुलगा गादीवर बसतो ना?" बसलिंगअप्पांनी विचारलं.

अप्पा बशीतला शिरा चाळवू लागले.

"न्हाई, आधीच विचारलेलं बरं. थोरलीला चांगल्या दुकानात दिली. पन गादीवर सासरा. जावयाला एसटीच्या तिकिटाला सुदीक बापापुढं हात पसरावा लागतो. आमी कानाला खडा लावला. बापाच्या हाताखालच्या पोराला पोरगी द्यायची न्हाई."

शिवकांता आता सरळ अप्पांकडंच बघत होती. बाहेर ऊन चढत होतं. वर मास्तर फिती घेऊन बसलेला. ज्या गादीसाठी तीन डोंगर चढले, ती गादी या मुलीच्या नजरेपुढं अप्पांना आपली आहे असं म्हणवेना.

"बसतो," ते पुटपुटले. "म्हणजे, पाडव्यापासून त्याचीच. मी काय, सहज जाऊन बसतो."

बोलून तर गेले. शब्दच तो, बघू पुढं, असं म्हणून त्यांनी बूट चढवले. शिवकांतानं त्यांना जवळची पायवाट दाखवली आणि वडलांच्या नकळत एक दांडकंही हातात दिलं. शिरा पोटात, धास्ती उरात, अशा अवस्थेत अप्पा कसे चढले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मास्तर फिती खिशात घालत होते तेव्हा कड्याच्या टोकाशी आधी दांडकं दिसलं, मग काळा कोट. चौथी फीत लागली. पितळी बिल्ला लागला. अप्पा महादेवापुढं आडवे पडले, तो नमस्कार होता की झोप होती हे कुणी विचारलं नाही.

घरी येऊन त्यांनी बिल्ला वीरुपाक्षापुढं ठेवला. पोरगं शब्दाला पक्कं. "गादी तुमचीच, अप्पा," एवढंच म्हणालं आणि पुन्हा विषय काढला नाही. खडकदरीचा विषय अप्पांनी काढला नाही. चार दिवस ते गादीवर असे सुखानं घोरले, की शेजारच्या दुकानाचा धंदा दुप्पट झाला असावा.

पाचव्या दिवशी दुपारी घोरण्यातच त्यांच्या कानावर आवाज आला, "शरणार्थ." डोळे उघडले तर समोर बसलिंगअप्पा. शेजारी चन्नबसम्मा. दोघं गादीकडं बघत होती. गादीवरच्या अप्पांकडं नव्हे, गादीकडं.

"मुलगा कुठं हाय?" चन्नबसम्मांनी विचारलं.

मुलगा कोपऱ्यात धोतरजोड्यांची घडी घालत होता.

सिद्धम्मांना बोलावणं गेलं. त्यांनी पाहुण्यांकडून सगळं ऐकलं, पोह्यांपासून पाडव्यापर्यंत. वीरुपाक्षाच्या हातातली घडी विसकटली. सिद्धम्मा नवऱ्याकडं वळल्या.

"शब्द दिलाव तुमी?"

"दिला," अप्पा म्हणाले. "पन बिल्ला बी हाय माझ्याकडं."

"बिल्ला छातीला लावा," सिद्धम्मा म्हणाल्या. "आन उठा."

अप्पा आपल्या पायानं उठले. त्या दिवशी हात द्यायला कुणी लागलं नाही.

पाडव्याला वीरुपाक्ष गादीवर बसला, वैशाखात शिवकांता घरात आली. सून कामाला खरंच चांगली. रोज पहाटे ती सासऱ्यांचे कॅनव्हासचे बूट पुसून उंबऱ्याशी ठेवते आणि म्हणते, "मामंजी, निघा. ऊन व्हायच्या आत." दुकानात बसायला जागा नाही, घरात सिद्धम्मा आहेत. मग अप्पा चालतात. स्टेशनापर्यंत जातात, तिथून पुढं रुळांच्या कडेनं जातात, थकले की एखाद्या अनोळखी ओट्यावर टेकतात. घरातून कुणीतरी बाहेर येतं आणि विचारतं, "इकडं कसं काय?"

"सहज," अप्पा म्हणतात. आता ते अगदी खरं असतं.

माणूस लगेच टोपी सारखी करतो, आत बघून पोह्यांची खूण करतो आणि हळूच विचारतो, "मुलगा हाय का लग्नाचा?"

"एकच होता," अप्पा टाचा चोळत म्हणतात. "आन गादी बी एकच होती."