बिस्कीट बुडवताना दाजी

आमचे दाजी रोज सकाळी पेपरातल्या प्रेतांवर बिस्किटाचा चुरा सांडतात. यात गैर काहीच नाही. चहाच्या कपाखाली पेपर असला की टेबल खराब होत नाही. त्याच पेपरचा मी छायाचित्रकार. दंगली, स्फोट, अपघात मी टिपायचे आणि दाजींनी त्यांवर कप ठेवायचा, अशी आमची कामाची वाटणी होती.

एके दिवशी माझं डोकं फिरलं. कॅमेरा मेलेल्यांवरून काढून मी बघणाऱ्यांवर रोखला. न्हाव्याच्या खुर्चीतले, दवाखान्याच्या बाकावरचे बरेच वाचक टिपले. सर्वांत झकास जमले दाजी. पहिल्या पानावर रस्त्यात पडलेला माणूस आणि वर आ वासून बिस्कीट खाणारे ते. प्रदर्शन ठरलं तसा ताईचा फोन आला.

"यांची अब्रू चव्हाट्यावर मांडतोस? तोंडातला घास दिसतोय त्यांच्या!"

"ताई, खाली माणूस मेलेला दिसतोय."

"तो काय आपल्या नात्यातला आहे? हा फोटो लागला तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."

आईमागे मला ताईनेच वाढवलं. तिकडे दाजींनी दृश्य-शालीनता समितीकडे तक्रार ठोकली. अध्यक्ष फोटोला नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"हिंसक आहे," ते म्हणाले.

"खालचा माणूस ना?"

"छे! तो आधीच छापून आलाय, म्हणजे संमत झाला. हे चावणं विचलित करतं. चेहरा धूसर करा."

"आणि मेलेल्याचा?"

"त्यांनी समक्ष येऊन तक्रार केली की विचार करू."

मी मुकाट्याने दाजींना धूसर केलं. प्रदर्शनाला ही झुंबड! कानावरून, घड्याळावरून माणूस ओळखायच्या पैजा लागल्या. दाजी रोज येऊन शेजारच्याला विचारायचे, "कोण असेल हो हा?" कुणी "बडी असामी दिसते" म्हटलं की खूश होऊन घरी जायचे. ताईनेही माफ केलं. "आता कसं, बघवतं तरी," म्हणाली आणि मला जेवायला घेऊन गेली.

खालच्या माणसाचा चेहरा मात्र स्वच्छ दिसत होता, डोळे उघडे. त्याचं नाव मला ठाऊक आहे. कुणी विचारलं तर सांगावं म्हणून मी रोज तिथे उभा राहायचो. कुणी विचारलं नाही. तुम्हीही इथवर वाचत आलात, दाजींना हसलात. तुम्ही तरी कुठे विचारलंत?